मोठीला न्या, धाकट्याला खालीच थांबवा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. एप्रिलच्या सुट्टीत वॉशिंग्टनला जायचं ठरलंय. मुलगी 12 वर्षांची, सातवीत आहे. शाळेत होलोकॉस्टचा, म्हणजे हिटलरच्या राजवटीत झालेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचा विषय नुकताच सुरू झालाय आणि तिला तिथलं होलोकॉस्ट संग्रहालय बघायचंच आहे. मुलगा साडेआठ वर्षांचा. ह्यांचं म्हणणं, सगळ्यांनीच जाऊ, जग कसं असतं ते कळू दे पोरांना. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. सिनेमात कुत्रा मेला तरी धाकटा आठवडाभर आमच्या खोलीत झोपायला येतो. सासूबाई कोल्हापूरहून आल्यात, त्याही बरोबर असतील. जावं का? कुणी जावं? आणि मुलांना आधी काय सांगावं?
– एक आई

उत्तर : आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. मुलीला न्या. मुलाला वरच्या मुख्य प्रदर्शनात नेऊ नका, आणि मुलीबरोबर घरातलं एकच मोठं माणूस जाऊ दे. पाचही जणांची वरात घेऊन गेलात तर कुणाचंच नीट बघून होणार नाही. धाकटा घाबरला की सगळे अर्ध्यात बाहेर, आणि जिला खरोखर बघायचं होतं ती चिडलेली.

मुख्य प्रदर्शनासाठी 11 वर्षं आणि त्यापुढचं वय योग्य, असं संग्रहालयानेच सुचवलं आहे. ही शिफारस आहे, दारावर कुणी जन्मदाखला मागत नाही. म्हणूनच आतला रस्ता कसा आहे ते आधी माहीत असलेलं बरं. लिफ्ट तुम्हाला थेट चौथ्या मजल्यावर सोडते आणि तिथून एकेक मजला खाली उतरत यायचं असतं. चौथ्यावर 1933 ते 1939, तिसऱ्यावर घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्या) आणि मृत्युछावण्या, दुसऱ्यावर सुटका आणि त्यानंतरचं सगळं. लिफ्टचं दार उघडलं की समोरच भिंतभर छायाचित्र आहे : 1945 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ओर्डरुफच्या छळछावणीत पोचलेले अमेरिकन सैनिक आणि त्यांच्यापुढे अर्धवट जळालेल्या प्रेतांचा ढीग. कोण ज्यू, कोण नाझी हे कळायच्या आधीच पहिला धक्का बसतो. मोठ्या माणसाला तो झेपतो, कारण त्याला पुढची-मागची गोष्ट ठाऊक असते. साडेआठ वर्षांच्या पोराजवळ गोष्टच नसते, त्याच्याकडे नुसतं चित्र उरतं. आणि चित्र रात्री परत येतं.

सर्वांत भयंकर चित्रफिती मोकळ्यावर लावलेल्या नाहीत. त्या सिमेंटच्या आडभिंतींमागे आहेत आणि भिंतींची उंची अशी ठेवली आहे की लहान मुलाला पलीकडचं दिसू नये. हे फार विचारपूर्वक केलेलं आहे, पण दोन ठिकाणी ते फसतं. एक, 'काय आहे रे तिथे' म्हणत बाप पोराला खांद्यावर घेतो. दोन, बारा वर्षांची उंच मुलगी टाचा उंचावते आणि बघते. म्हणून लेकीशी आधीच ठरवून घ्या की आडभिंत दिसली की आधी मोठ्या माणसाने बघायचं, मग तिने बघायचं की नाही ते दोघांनी ठरवायचं. नाही बघितलं तरी काही बिघडत नाही. त्या फितींशिवायही प्रदर्शन पुरतं समजतं.

तिसऱ्या मजल्यावर कैदी वाहून नेण्यासाठी वापरत त्या प्रकारचा आगगाडीचा लाकडी मालडबा आहे. त्यातून चालत जाता येतं आणि बाजूनेही वाट आहे. ती बाजूची वाट लेकीला आधीच दाखवून ठेवा. तिथेच पुढे पोलंडमधल्या माय्दानेक छावणीतले सुमारे 4,000 बूट-चपला आहेत. ढीग बघण्याआधी जुन्या चामड्याचा वास नाकाला लागतो. फोटोंना निर्ढावलेली मुलंही इथे थबकतात, कारण त्यात त्यांच्या मापाचे बूट असतात. बायकांचे कापलेले केस मात्र वॉशिंग्टनला फक्त छायाचित्रात आहेत. खरे केस मांडू नयेत, ते आमच्या आयांचे असू शकतात, असं छळछावण्यांतून वाचलेल्यांनी म्हटलं आणि संग्रहालयाने ते ऐकलं.

आता मुलीचं. 12 वर्षं झाली म्हणजे झालं असं नाही. आम्ही वयाखेरीज चार गोष्टी बघायला सांगतो. तिला काळाचं भान आहे का, म्हणजे हे पणजीच्या तरुणपणी घडलं, काल नाही, हे तिला आतून कळतं का? खरा फोटो आणि सिनेमा यांतला फरक ती मनात करते का? घरात किंवा ओळखीत कुणी गेलं तेव्हा ती त्याबद्दल बोलली की आठ-दहा दिवस गप्प झाली? आणि चौथी, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : 'मला पुरे झालं' असं ती तोंडाने म्हणू शकते का? समजूतदार, शहाण्या म्हणून नावाजलेल्या मुली इथेच अडकतात. आईबाबांनी एवढी तिकिटं काढली, आपण कसं नको म्हणायचं, म्हणून दोन-तीन तास दात आवळून चालत राहतात. तसं वाटलं तर बोलण्याऐवजी खूण ठरवा, हात दोनदा दाबला की बाहेर. खूण आली की 'अजून एकच दालन राहिलंय' म्हणायचं नाही.

घरी छोटीशी चाचणीही घेता येते. 1 एप्रिल 1933 च्या बहिष्काराचा एखादा फोटो काढा : ज्यूंच्या दुकानाबाहेर गणवेशातली माणसं पाट्या घेऊन उभी, लोक बघत जाताहेत. त्यात प्रेत नाही, रक्त नाही. दहा मिनिटं तिच्याबरोबर बघा आणि 'काय दिसतं?' एवढंच विचारा. नंतर चार-पाच दिवस गप्प बसा. ती स्वतःहून प्रश्न घेऊन आली, 'दुकानदाराचं पुढे काय झालं?' किंवा 'पोलीस काय करत होते?', तर ती तयार आहे. झोप बिघडली, किंवा उलट फक्त 'मारलं कसं?' यातच रस दिसला, तर हे वर्ष जाऊ द्या. संग्रहालय 1993 पासून तिथेच आहे, पुढच्या वर्षीही असेल.

शाळेत काय झालंय तेही विचारून घ्या. न्यू जर्सीत 1994 पासून हा विषय शाळांमध्ये कायद्यानेच शिकवला जातो, पण कुठल्या वर्गात किती, हे शाळेगणिक वेगळं. शिक्षिकेला एक ईमेल टाका : आतापर्यंत कुठवर आलात, फोटो दाखवले का, कोणते?

घरच्या तयारीला तीन संध्याकाळी पुरतात, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि दोन संध्याकाळींमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर. एका बैठकीत सगळं सांगायला जाल तर ते प्रवचन होतं.

पहिल्या संध्याकाळी मरणाचा विषयच नको. ज्यू कोण, ते कसे राहत, काय खात, शनिवारी काम का करत नाहीत, एवढंच. आणि इथे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी तिच्या वर्गातल्या इतरांकडे नसेल. कोकणातले बेने इस्रायल, गावात ज्यांना शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, घरात बोलणं मराठी. पुण्याचं लाल देऊळ आजींनी पाहिलं असेल, तेही ज्यूंचंच, बगदादहून आलेल्यांचं. ज्यू म्हणजे 'ज्यांना मारलं ते लोक' एवढीच ओळख मुलीच्या डोक्यात बसू नये, यासाठी ही संध्याकाळ आहे. घाईत नेमकी हीच गाळली जाते.

दुसऱ्या संध्याकाळी पायऱ्या. छावणीपासून सुरुवात करू नका, कारण छावणी हे टोक आहे आणि टोक कुणालाच आपलंसं वाटत नाही. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, 1935 मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री प्रार्थनास्थळं जाळली आणि दुकानं फोडली, आणि त्याच महिन्यात जर्मन शाळांमधून ज्यू मुलांना काढून टाकलं. सप्टेंबर 1941 पासून जर्मनीत कपड्यावर पिवळा तारा शिवणं सक्तीचं, तेही वय वर्षं 6 पासून. 1942 मध्ये तर त्यांना घरात कुत्रं-मांजर पाळायलाही बंदी आली. बारा वर्षांच्या मुलीला साठ लाखांचा आकडा कळत नाही, मांजर सोडून द्यावं लागणं लगेच कळतं.

तिसऱ्या संध्याकाळी हत्या. शब्द सरळ वापरा. 'वारले', 'गेले' नको, 'मारलं' म्हणा. सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले, त्यात जवळपास 15 लाख मुलं होती. गोळ्या घालून, उपासमारीने आणि रोगाने, विषारी वायूच्या खोल्यांत. एवढं वाक्य पुरे, तपशील तिने विचारले तरच, आणि विचारले तेवढेच. रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) लोक, अपंग, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी यांनाही नाझींनी मारलं, तेही सांगा. 'जर्मन लोकांनी' म्हणण्याऐवजी 'नाझींनी आणि त्यांना साथ देणाऱ्यांनी' म्हणा. वर्गात एखादा जर्मन आडनावाचा मुलगा असतोच. आणि 'ज्यूंना का मारलं?' याचं उत्तर ज्यूंमध्ये शोधू नका. 'ते फार श्रीमंत होते ना' असं आपल्याकडे सहज बोललं जातं, ते नाझींच्याच प्रचारातलं आहे.

वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सांगाव्यात, पण मापात. 1938-39 मध्ये सुमारे 10,000 मुलं ब्रिटनला नेली गेली, बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. ऑक्टोबर 1943 मध्ये डेन्मार्कमधल्या 7,000 हून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं. हे ऐकून मुलीला हायसं वाटेल आणि वाटावंही. फक्त शेवट गोड करायला म्हणून ह्या गोष्टी वापरू नका. बहुतेकांना वाचवायला कुणीही आलं नाही.

दोन गोष्टी आपल्याच घरांत येतात, दुसऱ्यांच्या पुस्तकांत त्या सापडणार नाहीत. पहिली स्वस्तिक. तुमच्या उंबऱ्यावर ते असेल, सत्यनारायणाच्या चौरंगावर असतं, आणि संग्रहालयात ते लाल झेंड्यावर दिसणार. मुलगी विचारेल. त्यावर 'आपलं उजवीकडे वळतं, त्यांचं उलटं' हे उत्तर सगळे देतात, आणि ते चूक आहे. नाझींचंही उजवीकडेच वळतं. त्यांचं बहुधा तिरकं उभं केलेलं, काळं, पांढऱ्या गोलात. आपलं सपाट, चार टिंबांचं, कुंकवाने काढलेलं. पण खरा फरक वापराचा. आपल्याकडचं हजारो वर्षांचं शुभचिन्ह आहे, नाझी पक्षाने ते 1920 मध्ये आपल्या झेंड्यावर घेतलं आणि त्याखाली माणसं मारली. ज्याच्या पणजीने तो झेंडा पाहिला त्याला आपलं कुंकवाचं स्वस्तिकही दचकवतं, यात त्याची चूक नाही आणि आपलीही नाही. त्या दिवशी गळ्यातलं पदक, पर्सला लटकवलेली किल्ल्यांची साखळी, कापडी पिशवी यांवर कुठे स्वस्तिक नाही ना, एवढं निघताना बघून घ्या.

दुसरी गोष्ट हिटलर. कडक मास्तर म्हणजे हिटलर, शिस्तीचा बाप म्हणजे हिटलर, असं आपण दिवसातून चारदा बोलतो. 'माणूस वाईट, पण शिस्त होती हो' असंही एखादे काका म्हणून जातात. सहलीच्या महिनाभर आधी घरातून हे बंद करा. लेकीला त्या दालनात उभं राहून घरातला विनोद आठवला तर तिला कानकोंडं होईल, आणि ते ती तुम्हाला सांगणारही नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. मुख्य प्रदर्शनाची तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन घ्यावी लागतात. प्रवेश मोफत, आरक्षणाचा आकार नाममात्र. वसंतातल्या सुट्ट्यांत ती भराभर संपतात, तेव्हा आजच बघा. सकाळची पहिली वेळ घ्या. दुपारी जेवून आलेलं पोर निम्म्या रस्त्यात पेंगतं, आणि पेंगत पाहिलेलं फार विचित्र रूपात लक्षात राहतं. आत दोन-तीन तास धरा. मुलगी तिसऱ्या मजल्यावर थकली तर तिथेच थांबा, 'पैसे वसूल' करायचे नाहीत.

सुरुवातीला ओळखपत्राची पुस्तिका मिळते. एका खऱ्या माणसाची गोष्ट, मजल्यामजल्याला एकेक पान वाचायचं, शेवटी तो वाचला की नाही ते कळतं. मुलं या माणसात जीव गुंतवतात. दोघींच्या पुस्तिका निघाल्या की 'माझी वाचली, तुझी मेली' असा खेळ सुरू होतो, भावंडं असली तर हमखास. शेवटचं पान तुम्ही आधी गुपचूप बघून ठेवा. माणूस मारला गेला असेल तर ते पान चालता चालता वाचू देऊ नका. शेवटी मेणबत्त्या लावतात ते स्मरण-दालन आहे, तिथे बसून वाचा.

कुणी जायचं तिच्याबरोबर? जे गप्प राहू शकतं ते. ह्यांना प्रत्येक फलकापुढे उभं राहून समजावून सांगायची सवय असेल तर तुम्हीच जा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण हुंदक्यांनी कोसळणार असाल तर मुलगी स्वतःचं सोडून तुम्हाला सांभाळत बसेल. 'तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?' हा प्रश्न विचारू नका, मालडब्यात उभं राहून डोळे मिटायला लावू नका. असली नाटकं शिकवण्याच्या नावाखाली पुष्कळ चालतात. त्यांतून मुलाला भीती तरी वाटते, नाहीतर आपल्याला सगळं कळलं असा खोटा विश्वास वाटतो. आणि कृपा करून पुढे कधीही जेवणाच्या ताटावर 'त्या मुलांना खायला मिळत नव्हतं आणि तू भाजी टाकतेस' हे वाक्य नको. मेलेल्या मुलांचा भेंडी संपवण्यासाठी उपयोग करायचा नसतो.

धाकट्याला 'तू लहान आहेस' म्हणू नका, त्याला ते झोंबेल आणि मग तो दार ढकलेल. त्याला तीन वाक्यं सांगा : 'खूप वर्षांपूर्वी काही लोकांनी ज्यू लोकांवर फार मोठा अन्याय केला आणि खूप जणांना मारलं. ताई त्याबद्दल शिकायला चाललीय. तू 11 वर्षांचा झालास की तुला घेऊन येईन.' तारीख कॅलेंडरवर लिहा, त्याला ते खरं वाटतं. त्याच इमारतीत डॅनियल नावाच्या कल्पित मुलाच्या तोंडून सांगितलेलं, आठ वर्षं आणि पुढच्यांसाठीचं वेगळं प्रदर्शन असतं. खुलं आहे का ते संकेतस्थळावर बघून घ्या. पण तुमच्या मुलाचं जे वर्णन तुम्ही केलंत त्यावरून तेही आम्ही या खेपेला टाळू. अमेरिकन शाळकरी मुलांनी रंगवलेल्या 3,000 हून अधिक फरशांची भिंत खालच्या मजल्यावर आहे, ती त्याला दाखवा. मारल्या गेलेल्या मुलांच्या आठवणीत ती रंगवली आहे, एवढं सांगणं पुरे. मग ह्यांनी त्याला चालत नॅचरल हिस्टरीच्या संग्रहालयात डायनोसॉर बघायला न्यावं.

बाहेर आल्यावर लेकीला घेऊन टायडल बेसिन या तळ्याकडे चालत जा, अगदी जवळ आहे, चेरी फुललेली असो वा नसो. 'काय शिकलीस?' विचारू नका. ती गप्प राहील, किंवा भूक लागली म्हणेल, किंवा भलत्याच गोष्टीवर खिदळेल. यातलं काहीही दगडाच्या काळजाचं लक्षण नाही. रात्री मात्र एक गोष्ट सांभाळा : हॉटेलात भावंडं शेजारी झोपली की दिवा मालवल्यावर ताई भावाला सगळं सांगते. त्याला काय सांगायचं ती दोन वाक्यं संध्याकाळीच तिच्याबरोबर ठरवा, आणि बाकी सगळं तिने तुमच्याशी बोलावं.

'आपल्याला कुणी असं करेल का?' हा प्रश्न येईल. अमेरिकेत वाढणाऱ्या सावळ्या मुलीचा हा प्रश्न पुस्तकी नसतो. 'छे, असं कधीच होणार नाही' म्हणू नका, ती आत्ताच पाहून आलीय की झालं होतं. म्हणा, 'आज तू सुरक्षित आहेस. शाळेत कुणाला वेगळं काढून त्रास दिला जातोय असं दिसलं तर मला सांग, आपण बघू.' चार-सहा रात्री स्वप्नं पडली तर घाबरू नका. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप, जेवण, शाळा यांची घडी बसली नाही तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

सुट्टीत युरोपला जाणारे वाचकही आम्हाला हेच विचारतात, म्हणून थोडक्यात. ॲमस्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर 10 वर्षांपुढे चालतं आणि सुरुवातीला तेच सर्वांत योग्य : रिकाम्या खोल्या, पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजा, भिंतीवर मुलींच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, प्रेतं कुठेच नाहीत. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची सुटतात. जेरुसलेममधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या इतिहास संग्रहालयात 10 वर्षांखालच्यांना सोडतच नाहीत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधली होलोकॉस्टची दालनं आणि पोलंडमधली आउशविट्सची मृत्युछावणी, दोन्ही 14 वर्षांपासून पुढे. आउशविट्सला तर साडेतीन तासांची पायपीट आहे आणि केस तिथे खरे आहेत. ग्रुप टूरमध्ये ते 'स्थलदर्शन' म्हणून छापलेलं असलं तरी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसमध्ये थांबण्यात कमीपणा नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना वर जायचं असेल तर पायांचा विचार करा. बसायच्या जागा थोड्या आहेत, व्हीलचेअर तिथे मिळते, पण मग त्यांच्याबरोबर वेगळं माणूस लागेल आणि लेकीबरोबरचं कमी करू नका. आणि त्या कोल्हापूरच्या, तेव्हा नातवंडांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगतीलच : 1943 ते 1948 तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची वसाहत होती. जरूर सांगू दे. फक्त ते ज्यू होते आणि हिटलरपासून पळून आले होते अशी सरमिसळ होऊ देऊ नका. ते बहुतेक कॅथलिक होते आणि त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं ते स्टालिनच्या राजवटीने.